मामांचा चेहरा आणि आर्टिस्टवाल्या पेन्सिली

माझ्या सासऱ्यांच्या पांढऱ्या शर्टाला ऐन साठीत लिपस्टिकचा डाग लागला, तो मी लावला.

तसा मी वाईट माणूस नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरला क्लार्क, राहायला बदलापूरला हेंद्रेपाड्यात, बायको एक, व्यसन एकही नाही. फक्त मला चित्रं काढता येतात असं मला वाटायचं. (नुसतं वाटलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. मी काढायचोसुद्धा!)

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. मामा अंबरनाथच्याच दुसऱ्या एका कंपनीत फोरमन होते, घर बुवापाड्यात. पांढरा शर्ट, पांढरी पँट, दोन्हींना कडक इस्त्री, आणि तीच इस्त्री चेहऱ्यालाही. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "छंद काय?"

"चित्रकला," मी छाती फुगवून म्हणालो.

"हं. बाकी तब्येत बरी असते ना?"

तेव्हापासून ते माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे जावई. स्टोअरला आहेत. तसे चांगले आहेत, फक्त चित्रं काढतात." मग समोरचा माणूस माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा, जसं आपण दवाखान्यात शेजारच्या खाटेकडे बघतो.

मामा रिटायर व्हायचे होते, त्या मे महिन्यात विहारातल्या मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. विहाराच्या हॉलचे पत्रे मामांनी स्वतः उन्हात उभं राहून बसवून घेतले होते, तेव्हा सत्कार तिथेच व्हायला हवा होता. शाल कोण देणार, हार कोण आणणार, अशी बोलणी चालली होती, तेवढ्यात माझी बायको नंदा सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्याकडून बाबांना त्यांचं चित्र. हे काढतील!"

बैठकीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. मंडळाचे अध्यक्ष हळूच म्हणाले, "एखादं घड्याळ दिलं तर?"

त्या 'घड्याळा'नं माझा स्वाभिमान जागा झाला. काढायचंच! आणि असं काढायचं, की मामांनी आयुष्यात एकदा तरी म्हणावं, "आमचे जावई चित्रं काढतात," आणि पुढे 'पण' लावू नये.

अडचण होती ती सामानाची. पाण्याचे रंग माझं ऐकत नाहीत. आकाश रंगवायला घेतलं की खालच्या घरात पूर येतो. मी आपला रंगीत पेन्सिलीवाला. आणि माझ्याकडे होती ती शाळकरी पेटी. तीत माणसाच्या अंगाचा रंग मिळत नाही. तपकिरी लावली तर माणूस पाटासारखा दिसतो, नारिंगी लावली तर गाजरासारखा. दोन्ही मिसळून मी एकदा सासूबाईंचं, म्हणजे मामींचं, चित्र काढलं होतं. ते बघून मामींनी काळजीनं विचारलं होतं, "कावीळ कोणाला झालीय?"

म्हणून मी ठरवलं, पेन्सिली घ्यायच्या त्या खऱ्याखुऱ्या चित्रकाराच्या. जेवताना मी नंदाला नीट समजावलं, "चांगल्या पेन्सिलीचं शिसं मऊ लागतं. पहिल्याच हाताला रंग उठला पाहिजे. एका रंगावर दुसरा चढला पाहिजे. बोट फिरवलं तर दोन्ही मिसळले पाहिजेत. आणि टोक काढताना मोडता कामा नये."

"बाई गं!" नंदा म्हणाली. "एवढं तर आमच्या बाबांनी जावई निवडतानासुद्धा बघितलं नव्हतं!"

रविवारी आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो. स्टेशनरीच्या एकेका दुकानात शिरायचं, पेन्सिली मागायच्या आणि डाव्या हाताच्या मागच्या बाजूला ओढून बघायच्या, ही माझी पद्धत. कातडीवर जी उठत नाही ती कागदावर काय उठणार? पण सगळीकडे तोच माल. एका पेन्सिलीनं तर हात खरवडला, रंग मात्र उमटला नाही. दुपारपर्यंत माझा डावा हात पट्टेरी झाला आणि नंदा आपण एकट्याच आलोत अशा चेहऱ्यानं माझ्यापासून लांब चालायला लागली.

शेवटी एका गल्लीत इंपोर्टेड मालाचं दुकान दिसलं. सेंटच्या बाटल्या, घड्याळं, छत्र्या, नेलकटर, सगळं काचेच्या कपाटात चकाकत होतं. गल्ल्यावर पांढऱ्या केसांचे, गोरेपान सिंधी शेठ. नंदा शेजारच्या दुकानात चहाची गाळणी बघायला वळली आणि मी आत गेलो. (ती बरोबर असती तर पुढचं काही घडलं नसतं. गाळणीही शेवटी घेतली नाहीच!)

"पेन्सिल चाहिए, शेठ. कलरवाली. एकदम हाय क्वालिटी."

"बच्चे के लिए?"

"नहीं, नहीं. आर्टिस्ट के लिए."

शेठ सावरून बसले. "आर्टिस्ट! तो पहले बोलो ना साईं. कौन है आर्टिस्ट?"

"मैं."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझ्या मिशीपाशी नजर जरा रेंगाळली. मग मोठ्या मनानं म्हणाले, "अच्छा है. आजकल जेंट्स लोग भी बढ़िया काम करते हैं."

"जेंट्स ही ज्यादा करते हैं!" मी म्हणालो. मला चित्रकलेचा इतिहास थोडाफार ठाऊक होता.

त्यांनी कपाटातून एक चपटी पेटी काढली. आत मखमल. मखमलीवर सडपातळ, तुकतुकीत पेन्सिली, प्रत्येकीला सोनेरी टोपण! झाकणावर माचिसच्या काड्या सांडाव्यात तशी कुठल्यातरी देशाची अक्षरं. मी एक टोपण काढलं, हातावर रेघ ओढली आणि माझ्या अंगावर काटा आला. लोणी! नुसतं लोणी!

"देखा? मक्खन!" शेठ खूश झाले. "जानकार आदमी ऐसे ही हाथ पे देखता है. अब उंगली से फैलाओ."

फैलावली. एका रंगात दुसरा असा विरघळला, की मला गहिवरून आलं.

"काम कौन सा है? शादी का?"

"नहीं, रिटायरमेंट का. ससुरजी का चेहरा करना है."

शेठचा हात पेटीवरच थांबला. "ससुरजी का?"

"हां. साठ साल के हो रहे हैं. भरे हॉल में सबको दिखाएंगे."

"वो... मान गए?"

"उनको मालूम ही नहीं. सरप्राइज है!"

"बताए बिना करोगे कैसे?"

"रोज रात को थोड़ा थोड़ा. सब सो जाते हैं, उसके बाद."

शेठ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. दुनिया फार बदलली, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग त्यांनी हलक्या आवाजात मला धीर दिला, "कुछ नहीं. माल ऐसा है, उनकी नींद नहीं टूटेगी."

मला वाटलं, पेन्सिल कागदावर खरखरत नाही असं ते सांगताहेत. किती बारकाईनं विचार करणारा दुकानदार!

"टिकेगा ना?" मी विचारलं.

"सुबह से शाम तक हिलेगा नहीं, मेरी गारंटी."

चित्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकेल, ही गॅरंटी मला जराशी चमत्कारिक वाटली. पण इंपोर्टेड मालाच्या गोष्टी आपल्याला काय कळतात? पेटी घेतली. निघताना शेठनी हात जोडले. "साईं, ऐसा दामाद सबको मिले."

घरी येऊन नंदानं पेटी उघडली. "यात हिरवा कुठाय? पिवळा पण नाही. नुसते लाल, गुलाबी, तपकिरी, काळा!"

"ही पोर्ट्रेटची स्पेशल पेटी आहे," मी जाणकार आवाजात म्हणालो. "माणसाच्या चेहऱ्यात हिरवा कुठे असतो?"

"तुम्ही आईला काढलंत त्यात होता की!"

मी तिकडे लक्ष न देता कामाला लागलो. मामांचा एक फोटो समोर ठेवला आणि चेहरा उठायला लागला. गालांची ती तकाकी! कपाळावरच्या त्या आठ्या! काळ्या पेन्सिलीनं भुवया आणि मिशी तर अशी उतरली, की खोलीतून जाताना मी नकळत शर्टाचं वरचं बटण लावायला लागलो. ओठांवर मी खास मेहनत घेतली. खऱ्या मामांचे ओठ कायम आवळलेले असत, म्हणून मी ते थोडे सैल सोडले आणि त्यांच्यावर रंगाचे थरावर थर चढवले.

तक्रारी दोनच होत्या. एक म्हणजे बदलापूरच्या त्या उकाड्यात टोक काढायला गेलं की पेन्सिल लिबलिबीत व्हायची. मग मी त्या शेजारच्या शिंदेकाकूंच्या फ्रीजमध्ये ठेवायला लागलो. (काकूंनी मेथीच्या जुडीशेजारी जागा दिली, पण त्या दिवसापासून माझ्याशी जरा जपूनच बोलायला लागल्या.) दुसरी तक्रार म्हणजे चित्राला वास येत होता.

"गुलाबाचा आहे," नंदा नाक जवळ नेत म्हणाली.

"परदेशी लाकूड असतं तसं."

"लाकडाला गुलाबाचा वास?"

"त्यांच्याकडे चंदन नसतं ना, म्हणून."

नंदानं माझ्याकडे बघितलं, पण चित्र इतकं सुंदर झालं होतं की तिनं पुढे वाद घातला नाही.

कुळगावातल्या फ्रेमवाल्यानं मात्र घोळ घातला. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणतो, "भाऊ, चित्र ओलं आहे."

"पेन्सिलीचं चित्र ओलं कसं असेल?"

त्यानं काच उचलून दाखवली. एक मामा कागदावर आणि एक मामा काचेवर! काचेवरचे जरा फिके, पण रागावलेले तेवढेच. मी तेलकट पेन्सिल, बिनतेलकट पेन्सिल असं बरंच काही त्याला ऐकवलं, घरी नेऊन चित्र पुन्हा हात फिरवून सारखं केलं, आणि काच लावायचीच नाही असं ठरवलं. वेळ पडली तर म्हणून एक ओठांच्या रंगाची पेन्सिल शर्टाच्या खिशात टाकून ठेवली.

सत्काराच्या दिवशी हॉल गच्च भरला. वर तापलेले पत्रे, खाली आम्ही. पडदा बाजूला झाला आणि लोकांच्या तोंडून एकदम "अरे वा!" निघालं. अध्यक्षांनी जवळ जाऊन चित्र न्याहाळलं आणि माईकवरून जाहीर केलं, "चित्र इतकं जिवंत आहे, की त्याला घाम फुटलाय!"

टाळ्यांचा कडकडाट! (घाम खरंच फुटला होता. पण कलावंत टाळ्या वाजत असताना शंका काढत नाही.)

आणि मग ते घडलं. मामा उठले, चित्रासमोर उभे राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान काढलंत." पुढे 'पण' नाही! नंदानं पदर डोळ्यांना लावला. मी तर त्या क्षणी नोकरी सोडायच्या विचारात होतो.

सगळ्यांचे जयभीम घेत आम्ही निघालो. रिक्षात मामांनी चित्र कोणाच्याच हाती दिलं नाही. "काच नाही, धूळ बसेल," म्हणाले, आणि चित्राचं तोंड आत करून त्यांनी ते छातीशी घट्ट धरलं. बुवापाड्याच्या रस्त्यावर खड्डे बरेच. प्रत्येक खड्ड्याला मामा चित्राला आणखी आवळून धरत होते. घरी आल्यावर ते त्यांनी तसंच भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि वर टॉवेल टाकला.

शेजारीपाजारी चहाला जमले. मामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि मामांसमोर थबकल्या.

"हे काय?"

"काय?"

"छातीवर."

सगळ्यांनी बघितलं. पांढऱ्याशुभ्र शर्टावर, खिशाच्या जरा वर, दोन ओठ. गुलाबी, भरलेले, रेखीव! बाकी कुठे काही असलंच तर किरकोळ काळपट धूसर डाग; ओठ मात्र छापल्यासारखे. खरं सांगतो, माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला नव्हता. मी मनात एवढंच म्हणालो, वा मामा!

मामींनी वाकून वास घेतला. "गुलाब," त्या म्हणाल्या. मग अगदी शांतपणे, "निरोपाचा कार्यक्रम होता, माहीत आहे मला. पण एवढ्या मनापासून निरोप कोणी दिला?"

अख्ख्या कारखान्याला धाकात ठेवलेला तो माणूस पहिल्यांदाच अडखळला. "कमल, अगं मी... मी तर सगळ्यांसमोरच..."

"सगळ्यांसमोर!"

चहाच्या बशा हवेत थांबल्या. जावई म्हणून काहीतरी करणं माझं कर्तव्य होतं. मी पुढे झालो. "मामी, जाऊ द्या. चाळीस वर्षं नोकरी केली माणसानं. शेवटच्या दिवशी होतं असं."

मामांनी माझ्याकडे जी नजर टाकली ती मी अजून कुठल्याही चित्रात उतरवू शकलेलो नाही.

तेवढ्यात माझी मेव्हणी संगीता पुढे आली. ती तेव्हा पार्लरचा कोर्स करत होती. तिनं डागावरून बोट फिरवलं, दोन बोटांत रंग चोळला आणि ठामपणे म्हणाली, "आई, उगाच काहीतरी बोलू नकोस. ही लिपस्टिक नाहीच."

सगळ्या घरानं श्वास सोडला.

"लिपलायनर आहे," संगीता म्हणाली. "इंपोर्टेड. एकदम भारी क्वालिटी."

"म्हणजे बाई चांगल्या घरातली आहे!" मामी मटकन खाली बसल्या.

"लायनर म्हणजे?" नंदानं विचारलं.

"अगं, ओठांना लावायची पेन्सिल."

पेन्सिल! शेठचा चेहरा डोळ्यांसमोर आला. जेंट्स लोग भी. नींद नहीं टूटेगी. सुबह से शाम तक. नंदानं हळूच मान वळवली. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली खिशावर आली. खिशातून सोनेरी टोपण डोकावत होतं. तिनं ते दोन बोटांनी बाहेर काढलं.

"हाच तो शेड!" संगीता ओरडली.

आता मामांचं राहिलं बाजूलाच. सगळं घर, शेजारपाजारासकट, माझ्याकडे बघत होतं. मामींनी एकदा मामांच्या छातीकडे पाहिलं, एकदा माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"मामी, नाही हो! चित्र! चित्र!" मी किंचाळलो आणि टॉवेल ओढला.

चित्रातले मामा हसत होते. पहिल्यांदाच! खड्ड्याखड्ड्यानं त्यांचे ओठ उजव्या कानापर्यंत पोहोचले होते, अर्धी मिशी गालावर गेली होती आणि एक भुवई अशी वर चढली होती की जणू समोरच्याला डोळाच मारताहेत.

मग मामींना हसू फुटलं. आधी खुदकन, मग पदर तोंडात कोंबून, आणि मग तो काढून टाकून, पोट धरून. त्यांच्यापाठोपाठ संगीता, मग नंदा, मग चहाला आलेले सगळे. एक शेजारीण तर "भाऊ, जरा सांभाळून निरोप घ्या हं!" म्हणत उंबऱ्यातच बसली. मामा उठले, आत गेले, शर्ट बदलून आले आणि मला एवढंच म्हणाले, "तुम्ही घड्याळ द्यायला हवं होतं."

तो डाग धुतला, उकळला, उन्हात वाळवला, गेला नाही. शेठनी गॅरंटी फारच कमी सांगितली होती! मामा पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोलायची वेळ आलीच तर नंदाला सांगायचे, "यांना विचार, मीठ हवंय का."

शेवटी मी शाळकरी पेटी काढली. कडक, खरखरीत, प्रामाणिक पेन्सिली. मान मोडून मामांचं दुसरं चित्र काढलं, काच लावून घेतली, काचेवर बोट फिरवून दहा वेळा खात्री केली आणि बुवापाड्याला नेऊन दिलं. मामींनी "आता कसं घरंदाज वाटतं," म्हटलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मामा चित्राकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "जावईबापू."

इतक्या दिवसांनी थेट माझ्याशी! "बोला ना मामा."

"हे ठीक आहे. चूक काही नाही." त्यांनी घसा खाकरला. "पण त्या पहिल्यात मी जरा बरा दिसत होतो."

मी पुढे होऊन चित्र पुन्हा बघितलं.

"ती पेटी टाकलीत की आहे?"

"आहे. संगीताला द्यायला आणलीय."

"मग काच काढा," मामा दाराकडे बघत म्हणाले. "ओठ तेवढे पहिल्यासारखे करून टाका."

मी खिळे उपसले, पेटी उघडली आणि सासऱ्यांच्या ओठांवर वाकलो. हात आता बसला होता. तेवढ्यात मामी चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मान न हलवता खुर्चीत ताठ बसलेल्या मामांकडे, आणि आत तोंड करून हाक दिली, "संगीता, तुमच्या पार्लरात हाताखाली माणूस हवाय म्हणत होतीस ना? हा बघ, घरातच आहे!"

खोटं कशाला सांगू, मी पगार विचारला.